ओळंबा

मिस्त्री त्या दिवशी दोरी आणायला गेले होते. काम एवढंच. भिंत सरळ उठतेय का ते बघायला गवंडी जे पितळी वजन टांगतात, त्या ओळंब्याची बारीक, पीळदार, ताणली तरी न वाढणारी दोरी. कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला त्यांना ओळखून होता. त्याने रीळ समोर ठेवलं आणि विचारलं, "मिस्त्री, काम सोडून एवढी वर्षं झाली, आता एवढ्या दोरीचं काय करता? मासे धरता की काय?"

"घर धरतो," मिस्त्री म्हणाले.

दुकानदार हसला. मिस्त्रीही थोडे हसले, पण काउंटरवरचा हात त्यांनी काढला नाही. हात काढला तर काय होईल ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

झालं होतं असं, की मागच्या वर्षी एक मोठा ताप आला आणि जाताना मिस्त्रींचा तोल घेऊन गेला. ऐकू सगळं यायचं, अगदी शेजारच्या घरातली कुजबुजसुद्धा. पण कानाच्या आत, पार खोल, माणसाला उभं कसं राहायचं ते सांगणारं काहीतरी असतं म्हणे, ते दोन्ही बाजूंचं बंद पडलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. "तुम्ही आता डोळ्यांवर आणि पायांवर उभे आहात. अंधार झाला की डोळे गेले. ओली फरशी, मऊ गादी, जिना आला की पाय गेले. आणि एक लक्षात ठेवा, तुम्हाला चक्कर येऊन कळणार नाही. तुम्ही पडताय हे तुम्हाला जमिनीवर पोचल्यावरच कळेल."

हे शेवटचं वाक्य मिस्त्रींच्या डोक्यात घर करून बसलं. आयुष्यभर परांचीवर उभं राहून, बांबूच्या फळीवर चालून दुसऱ्यांची घरं बांधलेला माणूस, आणि आता न्हाणीघरात डोळ्यांत साबण गेला म्हणून डोळे मिटले, तर थेट आडवा. कपाळाला टाके, मनगट मोडलं. तेव्हापासून लेक हात धुऊन मागे लागली होती. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. "बाबा, आता पुन्हा एकदा पडलात ना, की मी काही ऐकून घेणार नाही. घराला कुलूप आणि तुम्ही माझ्याकडे. चौथा मजला आहे, लिफ्ट आहे, बाल्कनीत हवा छान येते."

"हवा इथेही येते," मिस्त्री म्हणायचे.

त्यांना घर सोडायचं नव्हतं. कारण सांगायला गेलं तर साधं होतं. हे घर त्यांनी आणि मिस्त्रीणबाईंनी दोघांनी मिळून बांधलं होतं, आणि मिस्त्रीणबाई आता नव्हत्या. घरही गेलं तर मग हातात राहिलं काय?

व्यायाम शिकवायला एक ताई यायची. मोठी कडक बाई. "भिंतीला एक बोट लावून चालायचं. हातात सामान घेऊन जिना उतरायचा नाही. रात्री बारीक दिवा चालू ठेवायचा. आणि समोर काहीतरी उभं, सरळ बघत राहायचं. दाराची चौकट, खांब, काहीही. अंग म्हणेल मी सरळ आहे, त्याचं ऐकू नका. अंग खोटं बोलतं. डोळ्यांचं ऐका."

आता गवंड्याला सरळ काय ते सांगायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवायचं. मिस्त्रींनी माळ्यावरची जुनी पेटी काढली, तिच्यातले सगळे ओळंबे काढले आणि प्रत्येक खोलीत छतापासून एकेक टांगला. स्वयंपाकघरात एक, पुढच्या खोलीत एक, न्हाणीघराच्या दारात एक. जिन्याच्या माथ्यावर सगळ्यांत जुना पितळी. खुर्चीवरून उठलं की आधी दोरीकडे बघायचं, तिच्याबरोबर स्वतःला उभं करायचं आणि मग पाऊल टाकायचं. दूधवाल्याचं डोकं एकदा पितळेवर आपटलं, तेव्हा तो म्हणाला, "मिस्त्री, घर आहे की घंटाघर?" ताईने मात्र कौतुक केलं. मिस्त्रींना तिच्यापेक्षा ओळंब्यावर जास्त भरवसा होता. माणूस खोटं बोलेल, आरसा खोटं बोलेल, ओळंबा नाही बोलत.

फक्त एकाच वेळी बोलतो. खाली कोणी धरून ठेवला असेल तर.

हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. वारा असला की ओळंबा झुलत राहतो, थांबायचं नाव घेत नाही. मग खालच्या माणसाने पितळ दोन बोटांत धरायचं, हेलकावा थांबवायचा आणि वरच्याने 'सोड' म्हटलं की हलकेच सोडून द्यायचं. मग दोरी खरं सांगते. मिस्त्री तरुण होते तेव्हा हे खालचं काम मिस्त्रीणबाई करायच्या. वरून आवाज यायचा, "धर." त्या धरायच्या. "सोड." त्या सोडायच्या. सांगितल्याशिवाय कधी सोडलं नाही. एकदा हे घर बांधताना दोघांत कशावरून तरी जुंपली आणि अबोला झाला. मिस्त्री रागात, तोंडातून शब्द काढीनात. मिस्त्रीणबाई त्यांच्याहून हट्टी, 'सोड' म्हटल्याशिवाय सोडीनात. जिन्याची भिंत त्या दिवशी बोटभर वाकडी उठली, ती आजपर्यंत तशीच आहे. मिस्त्रींनी डोक्याला हात लावला, तर बाई म्हणाल्या, "मी काय करणार? तुम्ही सोड म्हणालाच नाहीत." पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना ती भिंत दाखवून दोघं हसायची.

त्याच जिन्याला कठडाही नव्हता. एका बाजूला ती वाकडी भिंत, दुसरी बाजू उघडी. दुसऱ्यांच्या जिन्यांना कठडे बांधता बांधता स्वतःचा राहूनच गेला.

आणि एक गोष्ट मिस्त्रींनी कोणालाच सांगितली नव्हती, लेकीलाही नाही. बाई दवाखान्यात होत्या तेव्हा शेवटी शेवटी बोलणं बंद झालं होतं. मिस्त्री खाटेशी बसलेले. बाईंनी त्यांच्या डाव्या हाताची बाही दोन बोटांत धरून ठेवली होती, ओळंबा धरायच्या तशी. नर्सने सांगितलं, औषध घेऊन या. मिस्त्री उठले, बाही काही सुटेना. मग ते वाकून हळूच म्हणाले, "सोड. आलोच मी."

बाईंनी सोडलं. मिस्त्री औषध घेऊन परत आले तेव्हा खाटेवर चादर ओढलेली होती.

तर असा हा एकटा माणूस. सकाळी दोन कप काढायचा आणि एक परत ठेवायचा. दिवसभरात बोलणं म्हणजे दूधवाल्याशी एक वाक्य आणि लेकीशी फोनवर चार. बाकी वेळ घरात दोऱ्या लटकलेल्या आणि त्यांच्यामधून हा एक बोट भिंतीला लावून फिरणारा. खरं सांगायचं तर त्यांना पडण्याची भीती कमीच होती. पडलो तर कोणाला कळणारही नाही, याची जास्त होती.

पहिल्यांदा ते दिसलं स्वयंपाकघरात, भर दुपारी.

नवी दोरी आणली होती ती तिथल्या ओळंब्याला बांधून झाली होती. मिस्त्री टेबलाशी बसून वाटाणे सोलत होते. सहज मान वर केली तर दोरी तिरकी. फार नाही, दोन बोटं. पितळ खिडकीच्या बाजूला सरकलेलं आणि तिथेच थांबलेलं. झुलत असतं तर वारा म्हटलं असतं. पण ते स्थिर होतं. खिडकी बंद होती. मिस्त्रींनी डोळे चोळले, टेबलाची कड पकडली. 'कान गेले, आता डोळेही चालले वाटतं,' ते स्वतःशीच म्हणाले.

तेवढ्यात त्यांना वास आला. ओल्या चुन्या-सिमेंटचा, नुकत्याच कालवलेल्या मालाचा. त्या घरात कित्येक वर्षांत थापी फिरली नव्हती.

समोरच्या घरातून कोणीतरी दार आपटलं. मिस्त्रींनी तिकडे बघितलं आणि पुन्हा इकडे बघितलं, तर दोरी सरळ. वासही गेलेला. उरलेले वाटाणे त्यांनी तसेच ठेवले आणि पुढच्या खोलीत येऊन बसले. फोनवर लेकीला काही बोलले नाहीत. बोलले असते तर ती त्याच दिवशी गाडीत बसली असती.

मग ते अधूनमधून होऊ लागलं. कधी पुढच्या खोलीत, कधी न्हाणीघराच्या दारात. दरवेळी दोन बोटं, दरवेळी स्थिर. मिस्त्रींनी ताईला आडून विचारलं, "ताई, सरळ वस्तू तिरकी दिसते का हो या आजारात?"

"दिसू शकते. चालताना समोरचं हलतं, डोलतं. घाबरू नका. कुठेतरी टेका आणि थांबा."

"आणि वास येतो का?"

ताईने त्यांच्याकडे जरा बघितलं. "कसला वास?"

"काही नाही. असंच."

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळ होती, आभाळ भरून आल्यामुळे लवकर अंधारलेलं. मिस्त्री वरच्या खोलीत पडले होते. लेक सांगून सांगून दमली होती की खाली झोपा, पण वरची खोली दोघांची होती, आणि या माणसाला कोण समजावणार? जाग आली तेव्हा दिवे गेलेले. रस्त्यावरचेही. खिडकीत नुसता करडा उजेड होता आणि तोही विझत चाललेला. घरात एवढी शांतता की खालच्या नळाचं टपटपणं वर ऐकू येत होतं.

आणि फोन वाजायला लागला. फोन खाली राहिला होता.

लेकीची वेळ. नाही उचलला तर ती दोनदा करणार, तीनदा करणार, मग शेजाऱ्यांना करणार, आणि उद्या दारात बॅग घेऊन उभी राहणार. मिस्त्री उठले. घाईत माणूस शिकवलेलं सगळं विसरतो. डाव्या हातात त्यांनी टॉर्च घेतला आणि उजव्या हातात उशाशी ठेवलेला पाण्याचा पेला, जाता जाता खाली न्यावा म्हणून. म्हणजे भिंतीला लावायला एकही बोट उरलं नाही.

जिन्याच्या माथ्यावर येऊन ते थांबले. पहिली पायरी अंधारात होती. फोन वाजत होता. त्यांनी टॉर्च वर केला, कारण पाऊल टाकण्याआधी दोरी बघायची ही सवय आता हाडात गेली होती.

दोरी तिरकी होती.

जुनं पितळ डावीकडे, भिंतीकडे ओढलेलं होतं, आणि त्यामुळे दोरी वरच्या टोकाला उजवीकडे, उघड्या बाजूला कललेली दिसत होती. हलत नव्हती. ओल्या मालाचा वास नाकात भरला, एवढा ताजा की घशाशी खवखवलं.

मिस्त्रींना अंगात सरळ वाटत होतं. पण अंग खोटं बोलतं. ताईने सांगितलं होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि चाळीस वर्षांच्या धंद्यानेही तेच सांगितलं होतं. भिंत कितीही सरळ दिसो, दोरी वेगळं म्हणाली तर भिंत पाडायची. त्यांनी दोरीवर नजर रोखली आणि तिच्याबरोबर स्वतःला लावायला सुरुवात केली. डोकं थोडं उजवीकडे. खांदा उजवीकडे. अजून थोडं... दोरी अजूनही जास्तच कललेली. अजून थोडं. उजव्या तळव्याची कड फरशी संपते तिथे आली. त्यांना काही वाटलं नाही. खाली पोचल्यावरच कळेल, असंच सांगितलं होतं ना.

उजव्या हाताची बोटं ओली झाली.

त्यांनी टॉर्च खाली केला. पेल्यातलं पाणी उजव्या काठावरून त्यांच्या बोटांवर वाहत होतं, आणि बोटांवरून खाली, जिथे पायऱ्या नव्हत्या तिथे.

मिस्त्री जागच्या जागी गोठले. पाणी म्हणत होतं, तू पडतो आहेस. दोरी म्हणत होती, तू अजून सरळ झाला नाहीस. आणि पाणी आणि ओळंबा कधी भांडत नाहीत. कोणत्याही इमारतीवर कधी भांडले नाहीत. भांडतात ते एकाच वेळी, खाली कोणी धरून ठेवला असेल तर.

टॉर्चचा उजेड त्यांनी हळूहळू पितळेवर नेला. पितळेजवळ कोणी नव्हतं. मागे ती वाकडी भिंत होती.

फोन थांबला. नळाचं टपटपणंही थांबलं. डाव्या अंगाला, कानापेक्षा जरा खाली, जिथे एका बुटक्या बाईचं तोंड येईल तिथे, कोणीतरी श्वास रोखून धरल्यासारखं वाटत होतं. सांगितल्याशिवाय न सोडणाऱ्या माणसासारखं.

"अगं..." मिस्त्री म्हणाले. "अगं, तू... आहेस?"

काही नाही. पितळ तसंच. हाताच्या अंतरावर. त्यांना वाटलं, आपण काही न बोलता असंच उभं राहावं. एवढ्या दिवसांत कोणी इतकं जवळ आलं नव्हतं. पण उजवा पाय थरथरायला लागला होता, आणि खाली अंधार होता, आणि जीव मोठा लबाड असतो, तो ऐन वेळी आपल्यालाही विचारत नाही.

"सोड," मिस्त्री म्हणाले.

पितळ सुटलं. एकदा इकडे, एकदा तिकडे, भिंतीला लागून 'टक' असा आवाज झाला आणि दोरी सरळ उभी राहिली. मिस्त्री पाठीमागे कोसळले, कोपर फरशीवर आपटलं, टॉर्च विझला. पेला उघड्या बाजूने गेला. तो फुटल्याचा आवाज खालून यायला बराच वेळ लागला, निदान त्यांना तरी तसं वाटलं. तिथेच बसून ते रडले. भीतीने नव्हे, किंवा नुसत्या भीतीने नव्हे. एकाच बाईला आपण दुसऱ्यांदा सोड म्हणालो, आणि ती दुसऱ्यांदा मुकाट्याने गेली, याचं रडू होतं.

दुसऱ्या दिवशी लेक आली. कोपर बघितलं, काचा बघितल्या, कठडा नसलेला जिना बघितला आणि भांडायची सगळी तयारी करून उभी राहिली. मिस्त्री म्हणाले, "चल. येतो मी."

लेक गोंधळली. "म्हणजे... लगेच?"

"मग काय मुहूर्त काढायचाय?"

तिला काय सांगणार? की दिवे आल्यावर रात्रभर प्रत्येक खोलीत जाऊन बघितलं आणि एकूण एक दोरी सरळ होती. घरात ओल्या मालाचा वास नव्हता, काही नव्हतं. ज्याच्यासाठी घर धरून ठेवलं होतं तेच निघून गेलं होतं. निघताना त्यांनी एकच वस्तू बरोबर घेतली, जिन्यावरचा ओळंबा. बाई गेल्यापासून कोणी पुसला नव्हता, पितळ काळं पडलं होतं. पिशवीत टाकताना त्यांना दिसलं, समोरासमोर दोन ठिकाणी ते लख्ख होतं. बोटाच्या पेराएवढे दोन ठिपके. त्यांनी ते अंगठ्याने पुसून बघितले नाहीत. ओळंबा रुमालात गुंडाळला आणि गाडीत बसले.

लेकीने त्यांच्यासाठी बाल्कनीलगतची खोली लावली होती. फरशीवर न घसरणारी चटई, न्हाणीघरात धरायला दांडा, खाटेच्या पायथ्याशी रात्रभर जळणारा बारीक दिवा. सगळं ताईला विचारून केलेलं. मिस्त्रींना भरून आलं. संध्याकाळी जेवणं झाल्यावर लेकीने पिशवीतून ओळंबा काढला. "हा मी टांगते. तुमचा सोबती." स्टुलावर चढून तिने खाट आणि बाल्कनीचं दार यांच्या मधोमध छताच्या हुकाला दोरी बांधली, खाली उतरली, आणि एक डोळा मिटून बघत राहिली. गवंड्याची पोर, नजर बापाची.

"बाबा," ती म्हणाली, "हा तिरका का लटकतोय?"

मिस्त्री खाटेवर बसले होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"पंखा बंद आहे," लेक म्हणाली. "दारही लावलंय. आणि बघा ना, हलतही नाहीये." तिने पितळ धरून मधोमध आणलं आणि सोडलं. ते हळूहळू पुन्हा बाल्कनीच्या दाराकडे गेलं आणि दोन बोटांवर थांबलं. "बाबा, तुम्हाला दिसतंय का? की मलाच... आणि हा वास कसला येतोय? कोणाकडे बांधकाम चाललंय का?"

आता मिस्त्रींनी बघितलं. शब्द अगदी ओठांवर आला. एकच शब्द, दोन अक्षरं, आयुष्यभर हजारो वेळा म्हटलेला. तो म्हटला की दोरी सरळ होईल, हे त्यांना लख्ख ठाऊक होतं. आणि मग या चौथ्या मजल्यावरही आपण एकटे, हेही.

"सरळच आहे गं," ते म्हणाले. "तू दमली आहेस. राहू दे."

लेक जराशी घुटमळली. मग तिने त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं, मोठा दिवा घालवला, बारीक दिवा चालू आहे ना ते बघितलं आणि दार ओढून गेली.

तिची पावलं थांबेपर्यंत मिस्त्री पडून राहिले. मग त्यांनी हात लांब करून बारीक दिवा बंद केला. अंधारात डाव्या हाताची बाही मनगटापर्यंत खाली ओढली, हात पांघरुणाबाहेर, बाल्कनीच्या दाराच्या बाजूला ठेवला, आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.